पाच घरं आन् एकच पातेलं

आधीच सांगून ठेवतो, खटाव तालुक्यात माझ्याइतका बनेल माणूस शोधून सापडायचा न्हाई! नाव नाथाजी, गाव तरटेवाडी. वडूजपासनं यष्टीनं पाऊण तास, आन् यष्टी बंद पडली तर दोन तास. म्हंजे दोन तासच धरा. पन्नाशी गाठली, पर खोडी काय सुटली न्हाई. आमचे सरपंच लालासाहेब फौजेतनं सुभेदार होऊन आलेलं. त्येंनी एकदा सकाळच्या धुक्यात माझ्या रानातल्या बुजगावण्याला कडक सलाम ठोकलाता. त्येंची काय चूक? बुजगावण्याच्या डोक्यावर त्येंचीच फौजेतली टोपी होती, आन् ती तिथं कशी गेली हे गावात फकस्त मला ठावं होतं!

तर असल्या माणसाला सांगलीच्या लोकांस्नी गुंडाळणं म्हंजे काय, हातचा मळ. असं मला वाटलं. हितंच माती खाल्ली.

गोष्ट चौऱ्याहत्तर सालची. दुष्काळ नुकताच सरलाता. मिलोची चव जिभेवरनं अजून गेली नव्हती. मिलो म्हंजे रेशनवर मिळायची ती अमेरिकेची तांबडी जवारी, तिची भाकरी ताटात टाकली तर ताट वाजायचं. अशात सांगलीच्या एका संस्थेला सातासमुद्रापल्याडनं मदत आली. जगातल्या समद्या पोरांनी नीट, सकस खावं असं तिकडं कुणाच्या तरी मनात आलं, आन् त्यो इचार फिरत फिरत आमच्या तरटेवाडीच्या शिवंला येऊन टेकला. एका गावात 'सकस आहार केंद्र' निघणार. पत्र्याची शेड, दोन चुली, दुधाची भुकटी, चणं, गूळ, आन् बारक्या पोरांना रोज एक येळचं जेवाण. सैपाकाला गावातलीच एक बाई, कायमची.

यादीत शेवटाला दोन गावं उरली. एक आमी. दुसरं कृष्णाकाठचं बेलकाठी, सांगलीच्या जवळ. तिथं ऊस माणसाच्या डोक्यावर वाढतो आन् माणूस उसाच्या जिवावर.

ती सैपाकाची जागा माझ्या बायकूला पायजे होती. रंगूबाईनं अडीच वर्सं दुष्काळी कामावर खडी फोडलीती. हात असं झालतं की चुलीतला निखारा चिमटीत धरून माझी बिडी पेटवून द्यायची, आन् तवर माझ्या चार चुका बी सांगून व्हायच्या. सावलीत बसून करायचं काम हे तिचं सपान होतं. लालासाहेबांनी सबुद दिलता, केंद्र आलं तर जागा रंगूबाईची. तवापासनं ती झोपेत सुदीक किती पोरांना किती डाळ ते बोलत होती.

मला एकदा समोर बसवून म्हणली, "आवं, आजवर मी तुमच्याकडं काय मागितलं न्हाई. आता एकच मागती. तुमी यात पडू नगासा."

मी पडलो.

त्येचं असं झालं. बुधवारी संस्थेचं कार्ड आलं. उद्या गुरुवारी तपासणीला एक डाक्टरीण बाई आन् एक गोरा सायब येणार. आमच्या आळीतली पाच घरं बघणार. आक्काताई, बनुबाई, सुलाबाई, अंजना, आन् शेवटाला आमचं. त्या दिवशी घरात जे शिजलं असंल ते तागडीत घालून मोजणार, वहीत लिवणार. ज्या गावाचं खाणं जास्त निकस, त्या गावाला केंद्र.

लालासाहेबांनी कार्ड वाचलं, भिंतीवरचं क्यालेंडर बघितलं आन् मटकन खाली बसलं. गुरुवारी बेंदूर!

आता बेंदूर म्हंजे वर्सातनं एक दिवस असा, की ज्या घरात बैलाचं शेपूट हाय त्या घरात पुरणाची पोळी हाय. पैली पोळी बैलाला, मग माणसाला. सांगली-मिरजंकडं कर्नाटकी बेंदूर करत्यात, त्यो म्हैनाभर आधीच होऊन जातो. कार्ड लिवणाऱ्या कारकुनाच्या लेखी बेंदूर कवाच सरलाता. आमचा अजून व्हायचा होता. ज्या गावाला उपाशी म्हणून दावायचं, त्या गावात घरटी शिगोशीग पोळ्या!

दिवस बदला म्हणून कळवायला येळ न्हाई. लालासाहेबांनी फर्मान काढलं, पोळ्या क्यान्सल. आळीतल्या बायका म्हणल्या, बैलाला पोळी न्हाई मिळाली तर औताला सरपंच जुंपू. लालासाहेबांनी फर्मान मागं घेतलं.

तवा मी पुढं झालो. म्हणलं, पोळ्या करा, पर मागच्या खोलीत करा. पुढच्या चुलीवर दावायला हुलग्याचं माडगं ठेवा. माडगं म्हंजे हुलगं, तुमचं कुळीथ, भाजून दळायचं, पीठ पाण्यात शिजवायचं, मीठ टाकायचं आन् डोळं मिटून प्यायचं. बाकीचं तीनशे चौसष्ट दिवस आमी जवळपास तेच पितो. म्हंजे ह्यात खोटं काय बी नव्हतं. फकस्त दिवस खोटा होता!

अडचण एवढीच, की सणाच्या धांदलीत कुणाची चूल माडग्यासाठी रिकामी नव्हती. त्येला बी माझ्याकडं इलाज होता. रंगूबाईनं एकच मोठं जर्मनचं, म्हंजे अल्युमिनियमचं, पातेलं भरून माडगं शिजवायचं. बाई एका घराच्या पुढच्या दारानं भाईर पडली, की पातेलं मागच्या परसातनं पुढच्या घरात. उचलाउचलीला अर्जुना पैलवान. अर्जुनानं जलमात एक कुस्ती मारली नव्हती, पर वझं उचलायला तोड नव्हती.

रंगूबाईनं माझ्याकडं बघितलं. फोडायच्या आधी दगडाकडं बघत्यात, तसं. पर दुसरा इलाज कुणाकडंच न्हवता. तिनं हुलगं भाजायला घेतलं.

गुरुवारी सकाळी दहाला जीप आली. बाई चष्मेवाली, शांत, नऊवारी न्हाई पाचवारी. गोरा सायब ताडमाड, उन्हानं टमाट्यासारखा लाल, आन् मराठीतला एकच शब्द येत होता, 'चांगले'. त्यो शब्द त्येनं जीपमधनं उतरताना म्हणला, पाय शेणात पडल्यावर म्हणला, आन् लालासाहेबांनी सलाम ठोकल्यावर परत म्हणला.

बैल समदं माळाला धाडून दिलतं. पर सुलाबाईचा खोंड दावं तोडून नेमका चावडीम्होरं येऊन हुभा! एक शिंग गुलाबी, एक हिरवं, कपाळाला बाशिंग, गळ्यात घुंगराची माळ. सायबानं फटाफट फोटू काढलं. बाईंनी इचारलं, ह्याच्या शिंगांना काय लावलंय. मी म्हणलं, औषध हाय, हिकडं शिंगं किडत्यात. बाशिंग कशाला? म्हणलं, त्येला ऊन सोसत न्हाई. बाईंनी मान डोलावली आन् वहीत कायतरी टिपून घेतलं. आळीत शिरल्यावर वेलची-जायफळाचा घमघमाट. सायबाचं नाक आपोआप वर! मी सांगून टाकलं की देवळात धूप घातलाय.

पैलं घर आक्काताईचं. सत्तरीची बाई, पर काय बसलीती! फाटकं धडुतं गुडघ्यावर, हात कपाळाला. बाईंनी पातेल्यावरचं झाकण काढलं, पळीनं हालवलं, वाटीभर तागडीत घातलं. हुलगं, पाणी, मीठ. दुसरं काय? आक्काताई म्हणली दुसरं काय न्हाई, आन् असा उसासा टाकला की सायबानं डोक्यावरची टोपी काढली. बाईंनी वहीत लिवलं. मी मागनं डोकावून बघितलं: 'निकस.' माझ्या अंगात गुदगुल्या व्हायला लागल्या. रंगूबाई दारात हुभी होती, तिच्या तोंडावर बी जरा उजेड आला. केंद्र आमचंच!

पातेलं मागनं बनुबाईकडं गेलं, बाई पुढनं गेल्या. झाकण काढलं, आन् माडग्यावर बोटभर शेंगदाण्याचा कूट!

बाईंचा चष्मा खाली आला. इचारलं, कूट रोज घालता का? बनुबाईला खोटं बोलायचं शिकवलं होतं ते माडग्याबद्दल, कुटाबद्दल काय शिकवलं न्हवतं. ती व्हय म्हणली.

मी मागच्या दारानं पळालो. अर्जुनाला धरलं. त्यो म्हणला, मी काय केलं न्हाई, उचलताना आक्काताईनं दोन मुठी टाकल्या.

तवा माझ्या टकुऱ्यात उजेड पडला. आमच्याकडं रीत हाय, शेजारणीचं भांडं आपल्या घरातनं नुस्तं जाऊ द्यायचं न्हाई. ताकाची वाटी आली तर परत जाताना त्यात चिमूटभर साखर तरी जातीच. दात यायच्या आधी आया लेकींना हे शिकवत्यात. मी अख्ख्या आळीला काय लपवायचं ते शिकवलं, आन् हे इसरलो!

तसाच माघारी बनुबाईच्या परसात गेलो. उशीर झालता. तिनं तांदुळजा आन् शेवग्याचा पाला परतून वाडगाभर आत सोडलाता, आन् वर पळीनं ढवळत होती.

मी म्हणलं, "बनुबाई, अगं पातेलं भरलेलं हाय. मोकळं कुठं हाय?"

"ते रंगूचं हाय, कूट आक्काचा हाय," बनुबाई म्हणली. "माझं काय हाय त्यात? सुला काय म्हणंल?"



सुलाबाईकडं बाईंना वहीचं दुसरं पान घ्यावं लागलं. हुलगं, दाणं, हिरवा पाला. सायब पातेल्यात वाकून बघत होता, विहिरीत पाणी लागलं का बघत्यात तसा. बाई मधीच म्हणल्या, हे पोचं पडलेलं पातेलं मी आधी बी बघितलंय. माझी जीभ अजून चालत होती. म्हणलं, वडूजच्या बाजारात एकदा समदी पोचकीच आलीती, गावानं स्वस्तात घेतली. तीन बी घरांतल्या पातेल्यांना पोचं सारख्याच जागी कसं, हे बाईंनी इचारलं न्हाई. तवाच मला वळखायला पायजे होतं.

सुलाबाईनं मोडाची मटकी घातली. घालताना मी तिच्या हाताला धरलं, तर तिनं पळी उगारली.

चौथं घर अंजनाचं. नवी नवरी, बेंदराच्या आधी म्हैन्यावर लगीन झालेलं. मी तिथं आधी जाऊन पोचलो. हात जोडून सांगितलं, पोरी, तू तरी काय घालू नगंस. तिनं पदराआडनं मान हालवली. मला वाटलं, चला, एक तरी शहाणी निघाली. बाई आल्या, मटकी बघितली, मोजली, लिवली, पुढं निघाल्या. आन् मी बघतोय तवर ह्या शहाणीनं लिंबाएवढा लोण्याचा गोळा पातेल्यात टाकला, वर जवसाची चटणी! हळूच म्हणली, "मामा, मी नवी हाय. सासरचं नाव जाईल."

पाचवं घर आमचं. अर्जुना पातेलं घेऊन आला तवा घामानं थबथबलाता. आत पळी हुभी केली तर हुभीच राहत होती. पहाटं निघताना जे पाण्यासारखं होतं, ते आता एखाद्या देशमुखाच्या पंगतीत शोभलं असतं. रंगूबाईनं आत बघितलं. पदराचं टोक दातात धरलं. तिची सावली, तिची शेड, तिच्या दोन चुली, समदं त्या पातेल्यात बुडत होतं.

आता जरा माझी बी अब्रू हाय का न्हाई? म्हणलं पातळ करू. बाई अंगणात पोचल्यात्या. मागच्या खोलीत अंधार. कोपऱ्यात हंडा दिसला, उचलला आन् अर्धा हंडा पाणी भडाभडा वतलं. झकास पातळ झालं! मागं वळतो तर रंगूबाई कपाळाला हात लावून हुभी.

त्यो हंडा पाण्याचा न्हवता. येळवणीचा होता. येळवणी म्हंजे पुरणाची डाळ शिजवून गाळलेलं पाणी, डाळीचा समदा जीव त्यातच उतरलेला. चौघींनी मिळून जेवढी सुधारणा केलीती, तेवढी मी एकट्यानं केली!

बाईंनी मोजलं. चव घेतली. डोळं मिटून परत घेतली. सायबानं खुणेनं वाटी मागितली, मग ताट मागितलं, मग खाली फतकल मारून बसला. तिसऱ्या ताटाला त्येनं पळी सोडली आन् हातानं वरपायला लागला. "चांगले," म्हणला, आन् ह्या बारीला शब्द बरूबर जागेवर पडला.

चावडीत समदी गोळा झाली. बाईंनी दोन पानांची बेरीज मांडली, सायबाशी इंग्रजीत बोलल्या, मग आमच्याकडं वळल्या. म्हणल्या, कालच बेलकाठी बघून आलो. तिथं पोरांना दिवसातनं तीन येळा साखरंचा चहा आन् पांढरा भात, भाजीचं पान न्हाई, हिरड्या सुजल्यात. हितलं खाणं त्येच्यापुढं राजाचं हाय. डाळ, पालेभाजी, तेलबिया, मोड, लोणी, आन् समदं आपल्या रानातलं. या गावाला केंद्राची गरज न्हाई.

लालासाहेबांच्या मिशा एका बाजूनं खाली आल्या.

मग मी पुढं झालो आन् समदं वकलो. आज बेंदूर हाय, माडगं एकच हाय, पातेलं फिरतं हाय, येळवणी माझी हाय. पुरावा म्हणून अर्जुनाला खूण केली, त्येनं मागच्या खोल्यांतनं पोळ्यांच्या टोपल्या आणून मांडल्या. पाच टोपल्या! टोपल्या बघून मला कळलं, की ह्या पुराव्यानं आमी आणखीनच सुखवस्तू दिसायला लागलोय.

बाई हसल्या. "नाथाजीराव, माझं माहेर मिरजेजवळचं. रंगवलेली शिंगं मला कळत नाहीत होय? पुरणाचा वास तर तुमच्या शिवेवरच आला होता."

म्हंजे पैल्यापासनं! मी एवढा बनेल, आन् ही बाई दिवसभर माझं नाटक फुकटात बघत होती! मला बुजगावण्याला सलाम ठोकल्यागत झालं.

त्येंनी इचारलं, पातेल्यात भर घालायला बायकांना कुणी सांगितलं? मी म्हणलं, सांगितलं कुणी न्हाई, उलट नगं म्हणून मी बोंबलत होतो. बाईंनी सायबाला समजावून सांगितलं. त्येनं परत टोपी काढली.

तेवढ्यात रंगूबाई पुढं आली. जन्मात चावडीत बोलली न्हवती. दोन्ही तळहात बाईंच्या म्होरं धरलं.

"बाई, अडीच वर्सं खडी फोडलीया. मला चुलीम्होरचं काम पायजे. केंद्र बेलकाठीला जाऊ द्या, तिथल्या पोरांना गरज हाय तर जाऊ द्या. पर वहीत लिवा, माडगं रंगूनं शिजवलं. आन् हे बी लिवा, की ह्या माणसाचं टकुरं नासकं हाय."

बाईंनी लिवलं. दोन्ही लिवलं का ते मला दिसलं न्हाई.

पंधरा दिवसांनी कार्ड आलं. केंद्र बेलकाठीला मंजूर. सैपाकाला, गावातल्याच बाईची अट सोडून, तरटेवाडीच्या रंगूबाई, ऱ्हायला खोली. बेलकाठीच्या प्रत्येक घरानं रोज आपल्या रानातलं मूठभर काय तरी पातेल्यात घालायचं, आन् ती रीत रंगूबाईनं तिथं लावून द्यायची. वाचून दावल्यावर रंगूबाई चुलीपाशी गेली, माझ्याकडं पाठ करून बसली आन् बराच येळ निखारं सारत राहिली. मग ट्रंक काढली.

तिला यष्टीत बसवली तवा आळीतल्या बायका रडल्या. मी रडलो न्हाई. मी दुसऱ्या दिवशी रडलो, भाकरी थापताना. ती परातीला अशी चिकटली की परातीसकट भाजावी लागली. शेजारणींकडं वाटी घेऊन गेलो, तर एकजात म्हणल्या, तुमीच म्हणलासा न्हवं काय घालू नगा म्हणून. तीन आठवड्यांत धोतराचं दोन येढं जास्त बसायला लागलं. शेवटाला सांगलीची यष्टी धरली.

बेलकाठीच्या शेडमदी रंगूबाईनं मला बघितलं. पोरांच्या पंगतीत शेवटाला एक ताट मांडलं आन् सांगितलं, जेवल्यावर समद्यांची भांडी घासायची. त्या दिवशी गोरा सायब तिथंच होता. त्येनं माझा फोटू काढला. मला वाटलं, वळख लागली म्हणून काढला.

मी तिथंच टिकलो, आन् सहा म्हैन्यांनी त्येनं परत काढला. परवा त्येचं छापील पुस्तक परदेशातनं आलं. डाक्टरीण बाई ते घेऊन मुद्दाम आल्या. त्यात एका पानावर शेजारीशेजारी माझं दोन फोटू. एकात बरगड्या मोजून घ्याव्यात असा, दुसऱ्यात पोट सुटलेला. खाली बारीक अक्षरात इंग्रजी. बाईंनी समद्या पंगतीच्या देखत मराठी करून वाचलं: 'केंद्राचा सर्वांत यशस्वी लाभार्थी. वय पन्नास. आला तेव्हा अत्यंत अशक्त होता. आता भरपूर खातो आणि सांगितलेलं ऐकतो.'

शेवटलं वाक्य साफ खोटं हाय, हे सांगायला मी ताडकन उठलो.

रंगूबाई म्हणली, बसा.

बसलो.